मेडवे क्वीनचा इतिहास लिहिताना

इंग्लंडच्या केंट परगण्यातील गिलिंगहॅम पिअरला, म्हणजे पाण्यात बांधलेल्या धक्क्याला, बांधून ठेवलेल्या ‘मेडवे क्वीन’ या पॅडल स्टीमरवर (चाकांच्या आगबोटीवर) मी स्वयंसेवक म्हणून काम करतो. बोट पाहायला येणाऱ्यांसाठी तिचा इतिहास सांगणारे फलक नव्याने लिहायचे ठरले, तेव्हा ते काम मी मागून घेतले. फलकावरचे प्रत्येक विधान कोणत्या कागदाच्या आधारे केले आहे, हे विचारणाऱ्याला दाखवता आले पाहिजे, एवढी एकच अट मी स्वतःला घातली होती. एखाद्या जुन्या प्रवासी बोटीचा, आणि त्यातही युद्धात नौदलाची चाकरी केलेल्या बोटीचा, इतिहास कसा जमवावा लागतो, कोणता कागद काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे त्या निमित्ताने मला बारकाईने शिकायला मिळाले.

या बोटीची सर्वांना ठाऊक असलेली कहाणी थोडक्यात सांगता येते. मे १९४०च्या अखेरीस फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर डंकर्कजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा जर्मन सैन्याच्या कोंडीत सापडल्या. २६ मे ते ४ जून या काळात ‘ऑपरेशन डायनॅमो’ या मोहिमेतून ३,३८,२२६ सैनिकांना समुद्रमार्गे इंग्लंडला आणण्यात आले. मेडवे क्वीनने त्यात सात खेपा केल्या, सुमारे ७,००० सैनिक सुखरूप आणले आणि शत्रूची तीन विमाने पाडली, असे सांगितले जाते. ‘डंकर्कची वीरांगना’ हे बिरुद तिला त्यावरूनच मिळाले. बोटीवर येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा एवढे ऐकून आलेला असतो. मला मात्र पहिल्यापासून वेगळीच उत्सुकता होती. सुट्टीच्या दिवशी समुद्राची हवा खायला निघालेल्या कुटुंबांना या काठावरून त्या काठावर नेणारी ही बोट त्या आगीत पोहोचली कशी, आणि तिथे तिला एवढे काम जमले कशामुळे, हे मला कागदांतून आणि खुद्द बोटीच्या बांधणीतून समजून घ्यायचे होते.

जहाजाचा शोध नावावरून न घेता क्रमांकावरून घ्यावा, हे अनुभवी सहकाऱ्यांनी मला आधीच बजावले होते. नावे बदलतात, आणि एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या जहाजांना दिले जाते. ‘वेव्हर्ली’ हेच पाहा. १८९९ मध्ये बांधलेली वेव्हर्ली २९ मे १९४० रोजी डंकर्कहून परतताना बुडाली, तर आज ब्रिटनच्या किनाऱ्याने प्रवासी घेऊन फिरणारी वेव्हर्ली ही युद्धानंतर तिच्या जागी बांधलेली दुसरी बोट आहे; दोघींच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या मी अनेकदा ऐकल्या आहेत. ब्रिटिश नोंदणीत जहाजाला मिळालेला अधिकृत क्रमांक मात्र ते मोडीत निघेपर्यंत बदलत नाही, आणि तो जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरावा लागतो. नोंदणीच्या त्याच पद्धतीत जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असते, त्यामुळे कोणाकडून कोणाकडे किती हिस्से गेले याची साखळी लावता येते. क्रमांक हाती आला की दरवर्षी निघणारी व्यापारी जहाजांची सरकारी यादी आणि लॉइड्स रजिस्टर ही जहाजांची छापील नोंदवही, ही दोन दारे उघडतात. १९३० ते १९४५ या काळातील लॉइड्स रजिस्टरची पाने साउथॅम्प्टनच्या नगरपालिकेने पुढाकार घेऊन संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत, हे माझ्यासारख्यांवर मोठे उपकार आहेत.

या नोंदींतून बोटीचा सांगाडा उभा राहिला. स्कॉटलंडमधील ट्रून येथील आयल्सा शिपबिल्डिंग कंपनीने ती १९२४ मध्ये रोचेस्टरच्या न्यू मेडवे स्टीम पॅकेट कंपनीसाठी बांधली. लांबी सुमारे १८० फूट, नोंदणीचे टनमान ३१६, दोन सिलिंडरांचे तिरके कंपाउंड इंजिन. एवढे लिहून पुढे जाता आले असते, पण बांधणाऱ्या कारखान्याच्या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने समुद्रातील सुरुंग काढण्यासाठी चाकांच्या आगबोटींचा एक वर्ग खास बांधून घेतला होता. त्या बोटींना ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांची नावे दिलेली होती आणि त्यांचा मूळ आराखडा याच आयल्सा कंपनीचा होता. शांतता आल्यावर नौदलाला त्या नकोशा झाल्या. त्यांपैकी ‘अ‍ॅथरस्टोन’ आणि ‘मेल्टन’ या दोन बोटी मेडवे क्वीनच्याच मालकांनी १९२०च्या दशकात विकत घेतल्या, त्यांच्यावर बैठका आणि उपाहारगृह चढवले आणि ‘क्वीन ऑफ केंट’ व ‘क्वीन ऑफ थॅनेट’ या नावांनी त्या प्रवाशांच्या सेवेत आणल्या. मेडवे क्वीनच्या शेजारी एकाच धक्क्याला लागणाऱ्या या बोटी युद्धासाठी जन्मलेल्या होत्या. त्यामुळे १९३९ मध्ये नौदलाने सहलीच्या बोटींकडे मोर्चा वळवला, तेव्हा ते काही अजब घडत नव्हते. एका पिढीपूर्वीच पारखलेल्या गोष्टीकडे ते परत येत होते. फलकावर हा दुवा यायलाच हवा, हे मी तिथेच ठरवले.

बोटीच्या शांततेच्या दिवसांचे कागद बहुतेक आमच्या जवळच सापडले. स्ट्रूडच्या मेडवे अभिलेखागारात जुनी वेळापत्रके, जाहिरातीची पत्रके आणि स्थानिक वर्तमानपत्रे चाळताना तिच्या दिनक्रमाची कल्पना येत गेली. स्ट्रूडहून निघून चॅटमचा सन पिअर, शिअरनेस, तिथून थेम्सच्या मुखापलीकडे साउथएंड आणि पुढे हर्न बे, असा तिचा नेहमीचा फेरा होता. हंगाम उन्हाळ्याचा, थंडीत बोट गोदीत. १९३७ मध्ये राजाच्या राज्याभिषेकानिमित्त दक्षिण किनाऱ्यावरील स्पिटहेडला झालेल्या नौदलाच्या संचलनाला ती प्रेक्षकांना घेऊन गेली होती, आणि १९३८ मध्ये तिचे बॉयलर कोळशाऐवजी तेलावर चालू लागले. हा तपशील किरकोळ वाटतो, परंतु पुढे डंकर्कला तो मोलाचा ठरला असे मला वाटते, कारण तेल भरून घेऊन पुन्हा निघायला कोळसा चढवण्याइतका वेळ आणि तितकी माणसे लागत नाहीत.

खलाशांच्या याद्या शोधणे हे याच टप्प्यातले काम, आणि ज्यांना कधी असा शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी ते थोडे उलगडून सांगतो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या जुन्या याद्या एका जागी नाहीत. १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे ७० टक्के याद्या कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नमुना म्हणून १० टक्के ठेवल्या. आणि ज्या वर्षांच्या शेवटी ५ हा आकडा येतो त्या वर्षांच्या याद्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आहेत. म्हणजे मेडवे क्वीनच्या युद्धापूर्वीच्या काळासाठी ग्रीनिचला शोधायची वर्षे दोनच, १९२५ आणि १९३५. अशा यादीत खलाशाचे नाव, वय, जन्मगाव, आधीचे जहाज, हुद्दा आणि कामावर चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात. त्या रकान्यांवरून बोट फिरते राहायला किती प्रकारची माणसे लागत हे कळते. सुकाणूवाले आणि इंजिनवाले तर आलेच, पण आचारी आणि वाढपीही त्याच यादीत असतात. डंकर्कहून परतताना उपाशी, भिजलेल्या सैनिकांना गरम खाणे मिळाले हे अनेक बोटींच्या आठवणींत येते. ते शक्य झाले, कारण सहलीच्या बोटीवर शेकडो माणसांना एका दमात खाऊ घालण्याइतके स्वयंपाकघर आधीपासून असायचे.

कागद वाचून झाले की मी बोटीवर येऊन तीच गोष्ट लोखंडात शोधत असे. हे काम मला सर्वांत आवडले. पॅडल स्टीमरची चाके बोटीच्या दोन्ही कुशींना असतात आणि चाकांच्या पुढेमागे डेक पाण्यावर बाहेर काढलेला असतो. या बाहेर आलेल्या भागाला स्पॉन्सन म्हणतात. घराच्या ओट्यासारखा हा भाग बोटीच्या अंगापासून पुरता बाहेर येतो, त्यामुळे अरुंद बोटीला रुंद डेक मिळतो, आणि धक्क्याला लागताना बोटीचे पोट घासण्याऐवजी स्पॉन्सनचा जाड लाकडी कठडा धक्क्याला टेकतो. त्यावर उभे राहून खाली पाहिले की चाकाच्या पेटीतून पाणी कसे उसळत असेल याचा अंदाज येतो. चाकाच्या फळ्या सांध्यांवर बसवलेल्या असतात, आणि एका बाजूला सरकवलेल्या आसाला जोडलेल्या दांड्या प्रत्येक फळीला असा कोन देतात की ती पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना जवळजवळ उभी राहते. फळीने पाण्यावर थप्पड मारावी तसे होत नाही आणि ताकद वाया जात नाही. मधोमध इंजिनाच्या खोलीत तिरकस बसवलेले दोन सिलिंडर आहेत. बॉयलरमधली वाफ आधी लहान, जास्त दाबाच्या सिलिंडरात आणि मग मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरात जाते, म्हणजे तीच वाफ दोनदा राबते. हे इंजिन १९२४चेच आहे. त्याच्या भुजदंडावर हात ठेवून मी पाहुण्यांना एवढे नक्की सांगू शकतो, की डंकर्कच्या रात्रींत फिरत होता तो हाच पोलादाचा तुकडा.

चाकांमुळे मिळणारे आणखी दोन गुण आहेत. बोट फार कमी पाण्यात तरंगते, आणि चाके उलटी फिरवली की थोड्या अंतरात थांबते. थेम्सच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत, भरती-ओहोटीचा जोर आहे आणि दर थोड्या मैलांवर पिअर आहे. तिथे ठरल्या वेळेला लागणे, माणसे उतरवणे, चढवणे आणि दोर सोडून निघणे हे कसब या बोटींच्या कप्तानांना रोज दाखवावे लागे. सुरुंग काढायलाही हेच गुण उपयोगी. नांगरलेल्या सुरुंगाच्या वरून उथळ बुडाची बोट सुखरूप जाण्याचा संभव अधिक, आणि सुरुंगांची साखळी कापणारी तार ओढत सावकाश चालायला चाकांची ओढ चांगली.

युद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९३९ मध्ये बोटीने आधी मुलांना वाहून नेले. बॉम्बच्या भीतीने केंटच्या शहरांतून हलवलेली मुले तिने पूर्व अँग्लियाच्या किनाऱ्यावर पोहोचवली. त्यानंतर नौदलाने ती ताब्यात घेतली, मागच्या डेकवर सुरुंग काढण्याची तार, तिची रहाटे आणि आकडे बसवले, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, १२ पौंडी तोफ चढवली, सर्वांगाला करडा रंग दिला आणि ‘एचएमएस मेडवे क्वीन’ या नावाने तिला डोव्हरच्या दहाव्या सुरुंगशोधक तांड्यात दाखल केले. रॉयल नेव्हल रिझर्व्ह या नौदलाच्या राखीव दलातील लेफ्टनंट ए. टी. कुक तिचे कप्तान झाले.

युद्धकाळाचे कागद लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे मूळ कागद हाताळायचे तर वाचकपत्र काढावे लागते. ओळखीचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा न्यावा लागतो. शाईचे पेन, खाण्याचे पदार्थ, पिशव्या हे सारे बाहेरच्या कपाटात ठेवायचे आणि पेन्सिल, वही, कॅमेरा एवढेच पारदर्शक पिशवीतून आत न्यायचे. सूचीतून निवडलेला क्रमांक संगणकावर नोंदवला की काही वेळाने पेटी आपल्या आसनाच्या क्रमांकाच्या खणात येते. नौदलाच्या कागदांना एडीएम ही अक्षरे आहेत आणि डायनॅमो मोहिमेचे अहवाल एडीएम १९९ या मालिकेत आहेत. प्रत्येक बोटीच्या कप्तानाने परतल्यावर डोव्हरच्या व्हाइस अ‍ॅडमिरलना पाठवायचा तो अहवाल असतो. पातळ कागदावरची टंकलिखित कार्बन प्रत, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने बांधलेली. काही ठिकाणी टंकाच्या घावाने टिंबाच्या जागी कागदाला छिद्र पडलेले. पाने उलटताना हात आपोआप हलका होतो. भाषा विलक्षण कोरडी असते: अमुक वाजता निघालो, अमुक वाजता नांगर टाकला, अमुक इतके सैनिक घेतले, विमानांचा हल्ला झाला, अमुक वाजता परत. दोन-तीन तास झोप मिळालेल्या माणसांनी हे लिहिले आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते.

या अहवालांच्या जोडीला मी व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅम्से यांचा सविस्तर वृत्तांत ठेवला. डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांतून त्यांनीच ही मोहीम चालवली होती, आणि त्यांचा वृत्तांत ‘लंडन गॅझेट’च्या पुरवणीत १७ जुलै १९४७ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातून एकेका बोटीच्या खेपेला चौकट मिळते. डोव्हरहून डंकर्कला जाण्याचे तीन मार्ग होते: झेड हा ३९ सागरी मैलांचा, एक्स ५५चा आणि वाय ८७चा. सर्वांत जवळचा मार्ग कॅलेजवळच्या जर्मन तोफांच्या टप्प्यात आला, त्यामुळे बोटींना लांबून जावे लागले आणि एकेका खेपेचा वेळ वाढला. सात खेपा या आकड्याचे वजन मला हे अंतर मोजल्यावर समजले.

डंकर्कच्या पूर्वेचा किनारा पुळणीचा आणि फार मंद उताराचा आहे. विनाशिकांना तिथे जवळ येता येत नव्हते आणि उथळ बुडाच्या बोटींनाही शेवटचे अंतर लहान होड्यांतूनच माणसे आणावी लागत होती. मेडवे क्वीन आणि तिच्या तांड्यातल्या बोटी २७ मेच्या रात्री ला पानच्या किनाऱ्यासमोर याच कामाला लागल्या. त्याच रात्री डंकर्कमधील नौदलाचे प्रमुख अधिकारी कॅप्टन विल्यम टेनंट यांनी बंदराच्या पूर्वेकडील बांधाला बोट लावून पाहण्याचा निर्णय घेतला. हा बांध लाटा अडवण्यासाठी होता, बोटी लावण्यासाठी नव्हता. वर फळ्यांची अरुंद वाट, खाली लाटांचा मार, आणि भरती-ओहोटीतला फरक सुमारे १५ फुटांचा. तिथे पहिल्यांदा लागली ती ‘क्वीन ऑफ द चॅनेल’, तीही दिवसाच्या सहलींसाठीच बांधलेली बोट. तो प्रयोग साधल्यामुळे पुढे एकूण सैनिकांपैकी सुमारे २ लाख ३९ हजार बंदरातून निघाले आणि सुमारे ९९ हजार पुळणीवरून. धक्क्याला झटपट लागून झटपट निघण्याचे जे कसब हर्न बे आणि साउथएंडला कमावलेले होते, त्याची खरी परीक्षा या बांधावर झाली. माझ्या मते मेडवे क्वीनच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि वीरश्रीच्या वर्णनात तेच नेमके हरवते.

आकड्यांकडे येताना मात्र फार सावध राहावे लागले. २८ मेच्या सकाळी ‘ब्रायटन बेल’ ही १९०० साली बांधलेली जुनी बोट सुमारे ८०० सैनिक घेऊन परतत असताना केंटच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या एका बुडालेल्या जहाजावर आदळली. मेडवे क्वीन स्वतः सैनिकांनी भरलेली असताना तिच्या कुशीला लागली आणि तिने सर्वांना आपल्या डेकवर घेतले. आता हे ८०० सैनिक कोणाच्या खात्यावर मांडायचे? किनाऱ्यावरून त्यांना उचलले ब्रायटन बेलने, उतरवले मेडवे क्वीनने. कप्तान अहवालात लिहीत तो आकडा अंदाजाचा, काळोखात आणि गर्दीत केलेला. बंदरावर होणारी मोजणी एकूण आलेल्यांची. मोहिमेची बेरीज त्यामुळे भक्कम आहे, पण एकेका बोटीचा आकडा तितक्या खात्रीचा असू शकत नाही. म्हणून फलकावर मी खेपांची संख्या ठामपणे लिहिली आणि सैनिकांचा आकडा ‘सुमारे ७,००० मानला जातो’ अशा शब्दांत दिला. काही सहकाऱ्यांना हे बोटीचा मान कमी करणारे वाटले. मला वाटते, ब्रायटन बेलची ती सकाळ नीट सांगितली तर आकडा मोठा करण्याची गरजच उरत नाही.

भारतीय पाहुणे हमखास विचारतात, की आपले सैनिक या बोटीवर होते का. फ्रान्समध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर-तुकड्या होत्या. त्यांच्यापैकी २२वी तुकडी जर्मनांच्या हाती सापडली आणि इतरांतले अनेक सैनिक डंकर्कमार्गे इंग्लंडला आले. बोटींच्या अहवालांत आकडा असतो, पलटणीचे नाव क्वचितच असते. तेव्हा या तुकड्यांची माहिती मी पाहुण्यांना आवर्जून देतो, परंतु मेडवे क्वीनच्या फलकावर त्यांना जागा दिलेली नाही.

ज्या बोटी परतल्या नाहीत त्यांच्यासाठी मात्र मी एक स्वतंत्र फलक मागितला आणि तो मिळाला. मेडवे क्वीनच्याच तांड्यातली ‘ग्रेसी फील्ड्स’ २९ मे रोजी बॉम्बहल्ल्यात निकामी होऊन बुडाली. त्याच दिवशी ‘क्रेस्टेड ईगल’ पेटली आणि तिच्यावरचे सुमारे ३०० जण मृत्यू पावले; तिचा लोखंडी सांगाडा झुइडकूटच्या पुळणीवर ओहोटीला अजून दिसतो. १ जूनला ‘ब्रायटन क्वीन’ फ्रेंच फौजेतले मोरोक्कन सैनिक घेऊन निघाली आणि बुडाली. लाकडी डेक, पातळ पत्रे आणि प्रवाशांच्या सोयीसाठी मोकळे ठेवलेले मोठे दिवाणखाने, हे सहलीला चांगले. बॉम्ब पडला की तेच जिवावर बेतत होते. मेडवे क्वीनच्या बांधणीची शक्ती सांगायची तर तिची ही दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. ३ जूनच्या शेवटच्या खेपेत सुमारे ४०० फ्रेंच सैनिकांना घेत असताना मागची एक विनाशिका तिच्यावर येऊन आदळली आणि उजवीकडच्या चाकाची पेटी मोडली. त्या अवस्थेत ती रखडत डोव्हरला पोहोचली. लेफ्टनंट कुक यांना या कामगिरीबद्दल डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

पुढचे युद्ध तिने सुरुंग काढण्यात आणि नंतर स्कॉटलंडमधील ग्रँटन येथे खलाशांना त्याच कामाचे शिक्षण देण्यात घालवले. साउथॅम्प्टनला दुरुस्ती होऊन १९४७ मध्ये ती पुन्हा प्रवासी नेऊ लागली. ८ सप्टेंबर १९६३ ही तिच्या शेवटच्या फेरीची तारीख. मोडीत जाण्यापासून वाचून ती आइल ऑफ वाइटवरील मेडिना नदीत गेली, १९६६ पासून काही वर्षे तिथे क्लब म्हणून चालली, मग तिची दुर्दशा झाली आणि ती पाण्यात बसली. १९८४ मध्ये तिला तराफ्यावर चढवून केंटला परत आणले आणि १९८५ मध्ये मेडवे क्वीन प्रिझर्वेशन सोसायटी स्थापन झाली. पुढची कित्येक वर्षे स्वयंसेवकांनी चिखल उपसत, पत्रे बुजवत तिला कसेबसे तरंगते ठेवले.

२००६ मध्ये हेरिटेज लॉटरी फंडाने १८ लाख ६० हजार पौंडांचे अनुदान मंजूर केले आणि ब्रिस्टलच्या अ‍ॅल्बियन गोदीत बोटीचे धड नव्याने बांधले गेले. वेल्डिंग स्वस्त आणि सोपे पडले असते. तरी मूळ पद्धतीप्रमाणे रिव्हेटनीच पत्रे जोडायचे ठरले. ब्रिटनमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ कोणत्याही जहाजाचे धड असे बांधलेले नव्हते. रिव्हेट मारणे मी आमच्या कार्यशाळेत पाहिले आहे. भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवलेला रिव्हेट चिमट्याने उचलून दोन पत्र्यांच्या जुळलेल्या भोकांत घालतात. एक माणूस डोक्याच्या बाजूने जड लोखंड दाबून धरतो आणि दुसरा समोरून हवेच्या हातोड्याने शेंडा ठोकून त्याचे दुसरे डोके बनवतो. काही सेकंदांत रंग उतरतो. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांकडे ओढून घट्ट आवळतो. मग पत्र्याची कड ठोकून सांधा पाण्यासाठी बंद करतात. हजारो वेळा हेच करून बनलेली बोट नोव्हेंबर २०१३ मध्ये गिलिंगहॅमला आली.

धड नवे आहे हे कळल्यावर काही पाहुण्यांचा चेहरा उतरतो. मग ही तीच बोट कशी, असे ते विचारतात, आणि हा प्रश्न टाळू नये असे माझे ठाम मत आहे. म्हणून एका फलकावर बोटीची आडवी आकृती काढून १९२४चे आणि नंतरचे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवले. इंजिन जुने, धडाचे पत्रे आणि रिव्हेट नवे, परंतु आकार, मापे आणि जोडणीची रीत आयल्साची. १९३९ मध्ये नौदलाने आणि १९४६ मध्ये दुरुस्ती करणाऱ्यांनी केलेले फेरबदलही त्याच आकृतीत नमूद केले, कारण डंकर्कला गेलेली बोटही १९२४ मध्ये पाण्यात उतरलेल्या बोटीपेक्षा बरीच निराळी होती.

फलकांच्या क्रमावर समितीत बरीच चर्चा झाली. डंकर्क दारातच असावे, लोक त्यासाठीच येतात, असे काहींचे म्हणणे होते. मी वेळापत्रक आधी ठेवायला सुचवले: स्ट्रूड ते हर्न बे ही फेरी, तिचे धक्के, तिचे वाळूचे पट्टे, मग स्पॉन्सन आणि चाके, मग नौदल आणि डंकर्क. अखेरीस हाच क्रम मान्य झाला, फक्त प्रवेशाशी डंकर्कचे एक मोठे छायाचित्र लावावे असे ठरले, आणि ते योग्यच झाले. आता १९४७ ते १९६३ या काळाचा फलक लिहायला घेतला आहे. त्या वर्षांत लहानपणी या बोटीतून गेलेली माणसे अजून येतात आणि तिकिटे, छायाचित्रे दाखवतात. समितीने त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला परवानगी दिली असून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, तो कोणत्या पिअरवरून चढलात हा.